दहा सेंटिमीटरला किती किलो?

मुदखेड हे रेल्वेचं गाव. नांदेडहून आलेला लोहमार्ग इथं दोन वाटांनी फुटतो, एक निजामाबादकडे, दुसरी आदिलाबादकडे. मोटारींच्या शर्यतीचे नावाजलेले ट्रॅक मात्र इथून फार दूर आहेत. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचा 3.7 किलोमीटरचा ट्रॅक गाठायचा तर हैदराबादमार्गे जवळपास नऊशे किलोमीटर जावं लागतं. कोइंबतूरचा करी मोटर स्पीडवे आणि ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट त्याहूनही लांब.

तरीही ट्रॅकवर न्यायच्या गाडीला कोणते अ‍ॅडजस्टेबल शॉकअप (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) घ्यावेत, हा प्रश्न मुदखेडातच विचारावा असा आहे. रेल्वेच्या डब्याखाली वाकून गळक्या शॉकअपचं ओलं अंग ओळखण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, अशा माणसांचं हे गाव. इथली तरुण मुलं पुण्यात नोकरी करतात, कर्ज काढून घेतलेली हॅचबॅक वर्षातून दोन-तीनदा ट्रॅकवर नेतात आणि गाडीवर होणारा पुढचा मोठा खर्च बहुतेकदा सस्पेंशनचा असतो. या दोन पिढ्यांकडे दोन वेगळी शहाणपणं आहेत. ती समोरासमोर यावीत म्हणून इथं एका मामाला आणि एका भाच्याला बोलतं केलं आहे. मामा रेल्वेच्या कॅरेज अँड वॅगन विभागातून निवृत्त झालेले. भाचा मेकॅनिकल इंजिनिअर. दोघंही कोणी विशिष्ट व्यक्ती नाहीत, पण त्यांचे मुद्दे खरे आहेत.

भाचा: मामा, ठरलं. माझ्या पोलो गाडीला थ्री-वे शॉकअप टाकतो. रिबाउंडचा खटका (कडकपणा बदलायची कळ) वेगळा, कंप्रेशनचे दोन वेगळे, गॅसची टाकी बाहेर. एकदाच खर्च, मग पुढं बघायलाच नको.

मामा: टाक की. फक्त एवढं सांग, सेकंदाला दहा सेंटिमीटर वेगानं दांडा आत गेला तर तो शॉकअप किती किलोनं अडवतो?

भाचा: तो आकडा माहितीपत्रकात नाही. कळ फिरवताना किती खटके वाजतात ते दिलंय. बत्तीस.

मामा: मग तुला त्या शॉकअपबद्दल अजून काहीच माहीत नाही, लेकरा. आमच्या जुन्या बनावटीच्या आयसीएफ डब्याच्या ट्रॉलीत बोल्स्टरच्या, म्हणजे डब्याचा भार पेलणाऱ्या तुळईच्या, दोन्ही अंगांना उभा शॉकअप असतो. त्याची ओळख एका वाक्यात होते, सेकंदाला दहा सेंटिमीटर वेगाला सहाशे किलो, दाबताना आणि ओढताना दोन्हीकडे. डबा मोठ्या दुरुस्तीला वर्कशॉपला गेला की शॉकअप काढून मशीनवर चढवतात. बल भरलं तर पास, नाही भरलं तर खोलायचा. रंग, नाव, किंमत याला तिथं कोणी विचारत नाही.

भाचा: पण तुमचा डबा आणि माझी गाडी यांची बरोबरी कशी होईल? तुमचा डबा रुळावरून चालतो. रुळाची देखभाल ठरलेल्या मापानं होते, रिकाम्या आणि भरलेल्या डब्याचं वजन आधीच माहीत असतं, वळण किती, वेग किती, सगळं नोंदलेलं. नव्या बनावटीचा एलएचबी डबा ताशी 160 किलोमीटरच्या वेगाला चालू शकतो, त्याला एकही खटका नसतो, हे मला ठाऊक आहे. पण तिथं कामं वाटलेली आहेत. उभ्या धक्क्याचा डॅम्पर वेगळा, आडव्याचा वेगळा, ट्रॉली डावी-उजवी नागमोडी जाऊ नये म्हणून यॉ डॅम्पर वेगळा. माझ्या गाडीत एका चाकाला एकच शॉकअप. ब्रेक दाबल्यावर नाक खाली जाणं, वळणात कलणं, कर्बवर चाक चढणं, आणि नंतर त्याच गाडीनं घरी येणं, सगळं त्या एकट्यानं सांभाळायचं. त्याला खटके हवेत, ते या कारणासाठी.

मामा: हे पटलं. एकट्याच्या डोक्यावर चार कामं आहेत. पण चार कामं आहेत म्हणून खटकेही चार पाहिजेत, हे कुठून आलं? आधी कामं तरी नीट मांड.

भाचा: मांडतो. स्प्रिंग गाडीचं वजन पेलते. शॉकअप वजन पेलत नाही, तो हालचालीला अडवतो. दाराला लावलेल्या क्लोजरसारखं आहे. दार हळू लोटलं तर तो थोडाच विरोध करतो, जोरात आपटलं तर जोरात, आणि दार स्थिर असेल तर त्याचा विरोध शून्य. तेल बारीक वाटांतून ढकललं जातं, हालचालीची ऊर्जा उष्णता होऊन बाहेर जाते. म्हणून शॉकअपचं बल दांडा किती आत गेला यावर ठरत नाही, किती वेगानं गेला यावर ठरतं.

मामा: आता यातूनच पुढचं सांग. ट्रॅकवर जाणारी पोरं म्हणतात, वळणात गाडी फार कलते, म्हणून खटका कडक केला. बरोबर का चूक?

भाचा: अर्धवट. लांब वळणात गाडी एकदा कलून स्थिर झाली की दांडा हलत नाही, त्यामुळे शॉकअपचं काम तिथं संपतं. किती कलायचं हे स्प्रिंग आणि अँटी-रोल बार ठरवतात. शॉकअप फक्त गाडी तिथवर किती लवकर पोचणार ते ठरवतो. वळणात शिरताना आणि बाहेर पडताना त्याचा हात असतो, मधे नसतो.

मामा: म्हणजे वळणाच्या मधल्या भागात गाडी नाक बाहेर काढत असेल तर...

भाचा: तर शॉकअपच्या दुकानात जाऊन उपयोग नाही. टायरची हवा, कॅम्बर, बार, स्प्रिंग, यांकडे जावं लागतं.

मामा: हे एवढं कळलं तरी अर्ध्या पोरांचे पैसे वाचतील. आता तुझे तीन खटके कशाचे, ते सांग.

भाचा: एक रिबाउंडचा, म्हणजे दांडा बाहेर येतानाचा. दोन कंप्रेशनचे, म्हणजे आत जातानाचे. त्यातला एक कमी वेगाचा, एक जास्त वेगाचा. हा वेग गाडीचा नाही, दांड्याचा. ब्रेक मारणं, स्टिअरिंग वळवणं यात दांडा सावकाश सरकतो, साधारण तुमच्या दहा सेंटिमीटरच्या आतबाहेर. कर्बवर चाक आदळलं की त्याच्या कितीतरी पट वेगानं. पहिल्यात गाडी घट्ट हवी, दुसऱ्यात चाक मोकळं हवं. एकाच मार्गानं तेल सोडलं तर दोन्ही साधत नाही. म्हणून कमी वेगाला सुईनं उघडमीट होणारं छिद्र, आणि जास्त वेगाला पिस्टनवरच्या पातळ चकत्यांची चळत, जी दाब वाढला की वाकून वाट देते.

मामा: आणि ही सुई स्वस्तातल्या शॉकअपमध्ये कुठं असते?

भाचा: दांड्याच्या आत.

मामा: तेल तिथून जाताना आणि येताना दोन्ही वेळा जातं?

भाचा: बऱ्याच वन-वे शॉकअपमध्ये जातं. म्हणजे एक खटका फिरवला की रिबाउंड बदलतं आणि त्याबरोबर कंप्रेशनही थोडं बदलतं. चांगल्या बनावटीत झडपा लावून हे वेगळं केलेलं असतं.

मामा: म्हणजे खटका एक, बदल दोन, आणि चालवणाऱ्याला वाटतं आपण एकच बदल केला. अशा खटक्यापेक्षा खटका नसलेला बरा. तो निदान फसवत नाही.

भाचा: तुमचा रोख कळतोय. पण वाईट खटका असतो म्हणून चांगला खटकाच नको, हा न्याय झाला का? 2023 च्या फेब्रुवारीत हैदराबादला हुसेनसागराच्या काठी फॉर्म्युला ईची शर्यत झाली, शहरातल्या रोजच्या रहदारीच्या रस्त्यांवर. बुद्ध सर्किट 2011 मध्ये फॉर्म्युला वनसाठी बांधलेलं, 5.125 किलोमीटरचं, रुंद. दोन्हीकडे एकाच कडकपणाचा शॉकअप चालेल? एका ट्रॅकवर मोठे सरळ पट्टे आणि जोरदार ब्रेक, दुसऱ्यावर सतत डावं-उजवं. टायर बदलले तरी गणित बदलतं. रस्त्याच्या टायरवरून सेमी-स्लिकवर गेलो की पकड वाढते, पकड वाढली की वजनाची फेकाफेकही वाढते.

मामा: चालणार नाही, मान्य. पण दोन्हीकडे किती वेगळा लागेल, हे तुला काढता येतं का? आकड्यात सांग. तू इंजिनिअर आहेस.

भाचा: काढू. गाडी अकराशे किलोची. चाकांचं स्वतःचं वजन सोडून एका कोपऱ्यावर सरासरी 250 किलो धरू. पुढं जास्त, मागं कमी, पण हिशेबाला सरासरी ठीक. चाकापाशी मोजलेली स्प्रिंग मिलिमीटरला 25 न्यूटन. अशी गाडी सेकंदाला साधारण 1.6 वेळा वरखाली होऊ बघते. एकही जादा झोका न घेता ती जागेवर यावी असं पुरेपूर दमन काढलं, तर ते येतं सेकंदाला एक मीटर वेगाला 5,000 न्यूटन. म्हणजे तुमच्या दहा सेंटिमीटरला 500 न्यूटन. घरच्या गाडीत याचा साधारण पाव ते तिसरा हिस्सा ठेवतात, म्हणून ती मऊ वाटते. ट्रॅकसाठी 60-70 टक्क्यांपर्यंत नेतात. 65 टक्के धरले तर 325 न्यूटन, म्हणजे 33 किलो.

मामा: आता बोललास! आता स्प्रिंग दुप्पट कडक कर.

भाचा: मिलिमीटरला 50 न्यूटन. आता सेकंदाला सव्वादोन वेळा. दमन मात्र दुप्पट लागत नाही, वर्गमुळाच्या हिशेबानं 1.41 पट लागतं. पुरेपूर दमन 707 न्यूटन, त्याचे 65 टक्के 460. म्हणजे 47 किलो. हे दाबताना आणि ओढतानाचं सरासरी बल झालं. सहसा ओढतानाचं जास्त आणि दाबतानाचं कमी ठेवतात.

मामा: मग तुझी खरेदी इथंच झाली बघ. ज्याचा खटका साधारण 33 ते 47 किलोच्या पट्ट्यात फिरतो, तो शॉकअप तुझ्या गाडीचा. ज्याचा 60 पासून 110 पर्यंत फिरतो, त्याला बत्तीस काय, बावन्न खटके असले तरी तुझ्या कामाचा एकही नाही. आणि ज्याच्या पहिल्या चार खटक्यांतच सगळा फरक पडतो, पुढचे नुसते टकटक वाजतात, त्याचे खटके चारच समजायचे.

भाचा: हे फक्त डायनोच्या, म्हणजे शॉकअपचं बल मोजणाऱ्या मशीनच्या, आलेखावर कळतं.

मामा: मग आलेख मागायचा. तोही एका शॉकअपचा नाही, चारही शॉकअपचा. डावा आणि उजवा एकाच खटक्याला एकच बल देतात का? आमच्याकडं एका ट्रॉलीचा एक शॉकअप गळका आणि दुसरा ठणठणीत असला की डबा एका अंगानं उसळायचा. गाडी फलाटात शिरताना आम्ही दोन्ही बाजूंना बसून बघायचो, तापलेला अ‍ॅक्सल, तुटकी स्प्रिंग, लोंबणारा पार्ट. झोका घेणारा डबा लांबूनच ओळखू यायचा. तुझ्या गाडीत डावा पाच टक्के कडक आणि उजवा पाच टक्के मऊ निघाला, तर तू स्टिअरिंगला दोष देत बसशील.

भाचा: आलेख देणारे मोजकेच असतात, मामा, आणि ते महाग.

मामा: महाग कशाच्या तुलनेत? तीन खटक्यांच्या, आलेख नसलेल्या सेटच्या तुलनेत की एका खटक्याच्या, आलेख असलेल्या सेटच्या?

भाचा: दुसरा स्वस्त पडेल. बराच.

मामा: मग महाग म्हणू नकोस.

भाचा: बरं, मग प्रकार कोणता? मी मोनोट्यूब म्हणतोय. एकच नळी, तेल आणि नायट्रोजन यांच्यामध्ये तरंगता पिस्टन, त्यामुळे तेलात फेस होत नाही. नळीच्या बाहेर थेट हवा लागते, म्हणून थंड राहतो. ट्विन-ट्यूबमध्ये नळीत नळी. सलग दहा-बारा मिनिटं ट्रॅकवर चालवलं की तेल तापतं, पातळ होतं, आणि गॅसचा दाब कमी असेल तर फेस धरतं. चौथ्या लॅपला गाडी वेगळीच वाटायला लागते.

मामा: आणि घरी येताना? शेजारच्या भोकरच्या रस्त्यावर टायरखालून उडालेला दगड मोनोट्यूबच्या नळीला बसला तर?

भाचा: नळीला पोचा पडला की पिस्टन तिथं अडकतो. शॉकअप बाद.

मामा: ट्विन-ट्यूबला?

भाचा: बाहेरच्या नळीला पोचा पडतो, आतलं काम चालू राहतं. हे मान्य. पुढच्या चाकांनाही एक अडचण आहे. पोलोला पुढं मॅकफर्सन स्ट्रट आहे, त्यामुळे शॉकअपचा दांडा चाकाचा आडवा जोरही सोसतो. बारीक दांड्याच्या मोनोट्यूबला तो झेपत नाही. म्हणून चांगले उत्पादक तिथं शॉकअप उलटा बसवतात, जाड नळीच दांड्याचं काम करते. त्याला बुश लागतात, वंगण लागतं, धुळीनं ते झिजतात. मागं हा त्रास नाही, तिथं स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा.

मामा: मग हेच लिहून ठेव. काळ्या मातीचा रस्ता आहे आपला. पावसात माती फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे नवा डांबरी रस्ताही दोन वर्षांत लाटा धरतो. नऊशे किलोमीटर जायचं आणि नऊशे यायचं. ट्रॅकवर तू दिवसभरात किती चालवशील? दीडशे? दोनशे? तुझा शॉकअप ट्रॅकपेक्षा कितीतरी जास्त या रस्त्यावर राबणार आहे.

भाचा: पण हाच तर खटक्याच्या बाजूचा सगळ्यात मोठा मुद्दा आहे! स्थिर शॉकअप ट्रॅकला लावला तर तो या लाटांवर हाल करेल. रिबाउंड फार कडक असलं की एका लाटेतून चाक खाली यायच्या आत दुसरी लाट येते, परत तिसरी. गाडी हळूहळू स्वतःलाच खाली ओढत जाते आणि शेवटी बंप स्टॉपच्या रबरावर आपटते. मला मुदखेडहून निघताना खटका मऊ आणि इरुंगट्टुकोट्टईला पोचल्यावर कडक हवाय. तुमच्या डब्याला ही दोन आयुष्यं नसतात.

मामा: याला मात्र माझ्याकडं उत्तर नाही. आमच्या डब्याला एकच आयुष्य असतं. ज्या गाडीला दोन आहेत तिला एक खरा खटका हवा, हे मी मान्य करतो. रिबाउंडचा. कारण लाटांवर तोच आधी नडतो आणि वळणात शिरताना तोच आधी जाणवतो.

भाचा: आणि कंप्रेशन?

मामा: ते बनवणाऱ्यानं तुझ्या वजनाला आणि तुझ्या स्प्रिंगला बसवून द्यावं. चकत्या बदलून देतात की नाही?

भाचा: देतात. री-व्हाल्व्हिंग. पण त्यासाठी शॉकअप खोलता येणारा हवा, सुटे सील मिळायला हवेत, नायट्रोजन पुन्हा भरता यायला हवा. काही स्वस्त सेट वेल्डिंग करून बंद केलेले असतात, ते गळले की फेकायचे.

मामा: मग दुसरा प्रश्न हा. कोण उघडणार, कुठं उघडणार, सील किती दिवसांत येणार? परदेशातून मागवलेलं सील जकातीच्या गोदामात दीड महिना पडून राहिलं तर तुझा हंगाम गेला. आणि आपल्याकडं हे ज्ञान नाही असं समजू नकोस. गॅब्रिएलनं 1961 मध्ये मुंबईच्या मुलुंडला शॉकअप करायला सुरुवात केली. आपल्या मराठवाड्यात, वाळूजला, एन्ड्युरन्सच्या कारखान्यात दुचाकींचे शॉकअप आणि फोर्क तयार होतात. कोनी नावाची डच कंपनी मोटारींचेही शॉकअप करते आणि रेल्वेचेही. तेल, झडप आणि पिस्टन यांचं शास्त्र एकच आहे, ते डब्याखाली असो की तुझ्या गाडीखाली. पुण्याच्या आसपास, कोइंबतूरला, शॉकअप उघडून मोजणारी माणसं मिळतात. आधी तो माणूस शोध, मग तो कोणता शॉकअप उघडू शकतो ते विचार, मग विकत घे.

भाचा: माणूस आधी, माल नंतर.

मामा: हो. आणि आणखी एक. गाडी किती खाली करणार आहेस?

भाचा: कॉइलओव्हर असेल तर तीस-चाळीस मिलिमीटर...

मामा: मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचलंस? उत्पादकानं ठरवलेल्या आणि नोंदणीत आलेल्या तपशिलांपेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. रस्त्यावर नोंदणी असलेली गाडी आहे तुझी. आरटीओला आणि विमा कंपनीला आधी विचार. ट्रॅकपुरती ठेवलेली, ट्रेलरवरून नेलेली गाडी वेगळी, आणि रोज भोकरला नेलेली वेगळी.

भाचा: विचारतो. खाली करण्यात तसाही फार फायदा नाही. स्ट्रटची गाडी फार खाली केली की खालच्या आर्मचा कोन बिघडतो, गाडी जास्तच कलायला लागते, आणि शॉकअपला हलायला जागा उरत नाही. प्रवास कमी असलेला सर्वांत महागडा शॉकअपही बंप स्टॉपच होतो. मूळ उंची ठेवतो.

मामा: मग आता पैशाकडं ये. थ्री-वेचे जे पैसे ठेवले होतेस, त्यातले किती उरतात?

भाचा: निम्म्याच्या आसपास. त्यात टायरचा एक सेट, ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, पुढच्या आर्मचे नवे बुश, आणि वर ट्रॅकची एक जादा फेरी.

मामा: आणि शिकायला मोठा ट्रॅकच लागतो असं नाही. कोल्हापुरात कार्टिंगचा ट्रॅक आहे. तिथलाच कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत पोचला. कार्टला ना स्प्रिंग, ना शॉकअप. नुसती चौकट वाकते, तेवढंच सस्पेंशन. ब्रेक कुठं सोडायचा, स्टिअरिंग किती सावकाश वळवायचं, हे पोरं तिथं शिकतात. जे हातानं होतं ते खटक्यानं करू बघू नये.

भाचा: इथं माझं थोडं ऐका, मामा. खटका हाताला शिकवतोही. एका दिवशी, एकाच टायरवर, रिबाउंड एका टोकाला नेऊन चार लॅप मारले, मग दुसऱ्या टोकाला नेऊन चार लॅप मारले, तर गाडी शिरताना काय करते आणि निघताना काय करते, हा फरक पाठीला कळतो. पुस्तक वाचून तो कळत नाही. स्थिर शॉकअपच्या गाडीत चालवणाऱ्याला माहीतच नसतं की त्याला जे जाणवतंय ते शॉकअपचं आहे, टायरचं आहे की त्याच्या स्वतःच्या पायाचं. खटका ही माझ्यासाठी आधी शिकण्याची वस्तू आहे, मग वेगाची.

मामा: हे चांगलं बोललास, आणि हे मला नवं आहे. आमच्याकडं बिघडलेला डबा बघून चांगला कळायचा. तू मुद्दाम टोकं बघून मधलं ओळखणार. पण मग शिस्त लागेल. कसं करशील?

भाचा: खटके नेहमी पूर्ण बंद करून, तिथून उघडत मोजायचे, कारण सुई टेकते ती जागा पक्की असते, उघडण्याचं टोक पक्कं नसतं. टायरची हवा गरम असताना मोजून एकसारखी करायची, त्याशिवाय खटक्याला हात नाही. एका वेळी एकच बदल, एकाच जोडीचा, पुढचे किंवा मागचे. चार लॅप. लगेच वहीत लिहायचं, घड्याळ काय म्हणतं आणि गाडी काय म्हणते, दोन्ही वेगवेगळं. मग पुन्हा मूळ जागेवर आणून दोन लॅप. मूळ जागेवरही वेळ बदलली असेल, तर फरक खटक्याचा नव्हता, टायर तापले किंवा मी सुधारलो.

मामा: परत मूळ जागेवर येणं, हे सोडू नकोस. बाकी सगळे ते विसरतात.

भाचा: आणि तापमान लिहायचं. आपल्याकडचा मे आणि चेन्नईचा डिसेंबर यात तेलाची जाडी वेगळी. सकाळचा पाचवा खटका दुपारी पाचवा राहत नाही.

मामा: मग एकदा बरोबर जागा सापडली की खटक्यावर रंगाची खूण कर आणि हात लावणं सोड. आमच्याकडं पास झालेल्या शॉकअपला पुढच्या दुरुस्तीपर्यंत कोणी छेडत नसे.

भाचा: नाही मामा, इथं मी ऐकणार नाही. टायर अर्धे झिजले की ते कडक होतात, पकड बदलते. ट्रॅकवर नवीन डांबर पडतं. पावसात गाडी मऊ लागते, चाकाला रस्ता सोडायला वेळच द्यायचा नाही. खूण करीन, पण ती निघण्याची जागा म्हणून, शेवट म्हणून नाही. एकच सेटिंग कायमचं बरोबर असतं, असं मानणारा माणूस टायर झिजल्यावर ट्रॅकलाच दोष देतो.

मामा: आणि सारखा फिरवणारा माणूस खटक्याला दोष देतो. तुझ्यात आणि माझ्यात एवढा फरक राहू दे. पण घेणार काय, ते पक्कं सांग.

भाचा: ट्विन-ट्यूब, कारण रस्ता असा आहे. पण गॅस भरलेला, आणि तेल तापल्यावरही मोजलेला. एकच खटका, रिबाउंडचा, कंप्रेशनला न छेडणारा. कंप्रेशन माझ्या वजनाला आणि स्प्रिंगला बसवून आलेलं. चारही शॉकअपचा आलेख सोबत, थंड आणि गरम दोन्ही. उघडता येणारा, आणि उघडणारा माणूस एका दिवसाच्या अंतरावर. मूळ उंची. उरलेले पैसे टायरला, ब्रेकला आणि ट्रॅकच्या फेऱ्यांना.

मामा: आणि थ्री-वे?

भाचा: पुढच्या हंगामाच्या शेवटी वही उघडीन. तीत पानापानावर दिसलं की मी कर्बवरच वेळ घालवतोय, चाक उसळतंय, आणि रिबाउंड, हवा, टायर यातलं काहीच ते सोडवत नाही, तर कंप्रेशनचा खटका घेईन. तोवर नाही.

मामा: बस, एवढंच. वहीत न लिहिलेली गरज दुकानात शोधायला जाऊ नकोस.